आठ लाखांच्या कर्जासाठी आईचं घर गहाण टाकू नका

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

मी ४६ वर्षांचा, नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीत एका कंपनीत नोकरीला आहे. हातात ६२ हजार येतात. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. त्यांच्या आजारपणात पर्सनल लोन काढलं, क्रेडिट कार्डं वापरली, पाठोपाठ मुलीच्या कोचिंगची फी आली. आजचा हिशेब असा: दोन कार्डांवर मिळून २ लाख ८५ हजार (एकावर १ लाख ९० हजार, दुसऱ्यावर ९५ हजार). पर्सनल लोनचे ३ लाख ६० हजार बाकी, व्याज १६ टक्के, अजून ३६ हप्ते, महिना १२,६५०. एका मोबाइल ॲपचे ५५ हजार, व्याज ३४ टक्के, ६,४०० चे दहा हप्ते. मेहुण्याकडून हातउसने घेतलेले १ लाख. एकूण आठ लाख. कार्डांचं मिनिमम ड्यू धरून महिन्याला ३३ हजार जातात आणि घरखर्चाला ३० हजार लागतातच.

एका लोन एजंटने खासगी बँकेची स्कीम आणली आहे. मानेवाड्यातलं घर तारण ठेवायचं, १२ लाख मिळतील, १२ टक्के, १५ वर्षं, हप्ता १४,४००. सगळं फिटून चार लाख हातात राहतील म्हणतो. घर वडिलांनी बांधलेलं, मृत्युपत्र नव्हतं, आता आई, मी आणि यवतमाळची बहीण अशी तिघांची नावं लागली आहेत. एजंट म्हणतो, बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घ्या, आईला सहकर्जदार करा, फॉर्मॅलिटी आहे. आई सही करायला तयार आहे. बहिणीला अजून विचारलं नाही. बायको म्हणते घराला हात लावू नका, माझं सोनं घ्या. रात्र रात्र झोप लागत नाही. काय करू?

— एक वाचक, मानेवाडा

उत्तर

भाऊ, सही करू नका. आणि हक्कसोडपत्रासाठी यवतमाळला फोनही लावू नका.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. हे कर्ज चैनीचं नाही. बापाच्या औषधपाण्याला आणि लेकीच्या शिक्षणाला पैसा लागला आणि तुम्ही तो उभा केला. पत्रात तुम्ही एकेका कर्जाची बाकी, दर, हप्ता असं सगळं लिहिलंत. मी बँकेच्या कर्जविभागात बरीच वर्षं काढली आहेत. अडचणीत आलेला माणूस बहुतेक वेळा आकड्यांकडे पाहायलाच घाबरतो. तुम्ही पाहिलेत, त्यामुळे यातून निघणं शक्य आहे.

आता तेच आकडे सुटे करून बघू, कारण एजंटने ते मुद्दाम एकत्र बांधलेत. आठ लाख म्हटलं की छाती दडपते. पण या आठ लाखांतला प्रत्येक रुपया सारखा महाग नाही. मेहुण्याच्या लाखावर व्याज नाही. पर्सनल लोन १६ टक्क्यांचं आहे, दर महिन्याला थोडं थोडं फिटतं आहे आणि तीन वर्षांत आपोआप संपणार आहे. जाळतात ती कार्डं. तुम्ही कार्डांचा दर लिहिलेला नाही, पण बहुतेक कार्डांवर तो महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे वर्षाला ४२. त्या हिशेबाने २ लाख ८५ हजारांवर महिन्याचं व्याज झालं ९,९७५ रुपये, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, आणखी सुमारे १,८००. मिनिमम ड्यू सहसा बाकीच्या पाच टक्के असतं, म्हणजे तुमचं १४,२५०. त्यातले जवळजवळ पावणेबारा हजार व्याज आणि करातच जातात, मुद्दल कमी होतं जेमतेम अडीच हजारांनी. तुम्ही दर महिन्याला पैसे भरता आणि बाकी हलत नाही असं वाटतं, त्याचं कारण हे.

तेव्हा बुजवायचं भगदाड कार्डांच्या २ लाख ८५ हजारांचं आणि वर पंचावन्न हजारांच्या ॲपचं आहे. एजंटने मात्र तुमच्यापुढे बारा लाख ठेवलेत.

त्याचा दर १२ टक्के हे खरं, आणि १६ पेक्षा १२ कमी हेही खरं. इथेच भलेभले फसतात. तुमच्या पर्सनल लोनचंच उदाहरण घ्या. आहे तसं चालू ठेवलंत तर उरलेल्या ३६ हप्त्यांत तुम्ही सुमारे ४ लाख ५५ हजार भराल, म्हणजे व्याज साधारण ९५ हजार. तेच ३ लाख ६० हजार घरावरच्या १२ टक्क्यांच्या कर्जात घालून १५ वर्षांत फेडलेत तर हप्ता ४,३२० वर येतो आणि मोकळं वाटतं. पण १८० हप्त्यांत भरता ७ लाख ७७ हजार, म्हणजे व्याज ४ लाख १७ हजार. दर चार टक्क्यांनी कमी झाला आणि व्याज चौपटीच्या वर गेलं, कारण तीन वर्षांचं कर्ज पंधरा वर्षांचं झालं.

संपूर्ण बारा लाखांचा हिशेब हवा असेल तर १४,४०२ गुणिले १८०, म्हणजे २५ लाख ९२ हजार. निव्वळ व्याज १३ लाख ९२ हजार. त्यात प्रोसेसिंग फी, दोन टक्के धरली तर जीएसटीसह २८ हजार, वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, गहाणाची स्टॅम्प ड्युटी हे सगळं वेगळं. आणि कर्जासोबत एकरकमी प्रीमियमची विमा पॉलिसी लावतात, तो प्रीमियम कर्जाच्या रकमेतच मिळवतात आणि त्यावरही तुम्ही पंधरा वर्षं व्याज भरता. त्यांनी दिलेलीच पॉलिसी घेतली पाहिजे अशी सक्ती कुणी करू शकत नाही, हे लक्षात ठेवा.

आणि तुमचं वय ४६ आहे. पंधरा वर्षं म्हणजे ६१. तुमच्या कंपनीत निवृत्ती ५८ लाच असेल, बहुतेक ठिकाणी असते, तर शेवटची तीन वर्षं, म्हणजे सव्वापाच लाखांच्या जवळचे हप्ते, कुठून भरायचे? पीएफच्या पैशातून. म्हणजे बाबांच्या आजारपणाचं बिल तुम्ही स्वतःच्या म्हातारपणातून भरणार. शिवाय दर फ्लोटिंग, म्हणजे बदलता असेल तर १२ हा आकडाही पक्का नाही. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला. त्या काळात कित्येकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत मात्र वाढत गेली, आणि बऱ्याच जणांच्या ते फार उशिरा लक्षात आलं. आता दर बदलला की हप्त्यावर आणि मुदतीवर काय परिणाम होतो ते बँकेने कळवायचं आणि हप्ता वाढवायचा की मुदत याचा पर्याय द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण वाढलेलं व्याज तुमच्याच खिशातून जायचं.

इथवर झालं पैशांचं. आता जे एजंट तुम्हाला कधीच सांगणार नाही ते सांगते, आणि या उत्तरातला हा भाग कृपा करून वहिनींसोबत बसून वाचा.

आज तुम्ही कार्डाचे पैसे थकवले तर काय होईल? फोन येतील, सिबिल खराब होईल, वकिलाची नोटीस येईल, लवाद किंवा दिवाणी दावा होईल. त्रास आहे, अपमान आहे, मी तो कमी लेखत नाही. पण कार्डवाल्या बँकेचा तुमच्या घरावर कसलाही हक्क नाही. तिला आधी तुमच्याविरुद्ध निकाल मिळवावा लागेल, मग त्याची अंमलबजावणी मागावी लागेल, आणि तेव्हाही तुमच्या नावावर जेवढं आहे तेवढ्यालाच हात लावता येईल. आईचा आणि बहिणीचा हिस्सा त्यात येत नाही.

घर तारण दिलंत की ही सगळी भिंत तुम्ही स्वतःच्या हाताने पाडता. २००२ चा सरफेसी कायदा बँकेला कोर्टात न जाता तारण विकायची मुभा देतो. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज ठरतं. मग कलम १३(२) ची ६० दिवसांची मागणी नोटीस येते, त्यात थकलेले दोन-तीन हप्ते नव्हे, सगळं कर्ज एकदम मागितलेलं असतं. ही नोटीस हातात पडली की बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकताही येत नाही. साठ दिवसांत भरलं नाही तर बँक ताबा घेते. प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मदत मागते, पोलीस बंदोबस्त मिळतो. नागपूरच्या मराठी पेपरांत आतल्या पानांवर चौकटीत ज्या ताबा नोटिसा छापून येतात, कर्जदाराचं नाव, प्लॉट नंबर, चतुःसीमा, थकबाकी, त्या याच. त्या छापणं बँकेवर बंधनकारकच आहे, आणि दोनपैकी एक पेपर स्थानिक भाषेतला लागतो. म्हणजे सगळं मानेवाडा वाचणार. पुढे ३० दिवसांची विक्री नोटीस आणि लिलाव. लिलावात घर बऱ्याचदा बाजारभावापेक्षा कमीत जातं. त्यातून कर्ज भागलं नाही तर उरलेल्या रकमेसाठी बँक पुन्हा तुमच्याच मागे येते.

दाद मागता येते, नाही असं नाही. नोटिशीला लेखी हरकत घेतलीत तर बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ताब्याच्या कारवाईनंतर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत अर्ज करता येतो, आणि ते आपल्याकडे नागपुरातच आहे. पण त्याच्याही वर अपील करायचं तर देण्याच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते, फार तर ती २५ टक्क्यांवर येऊ शकते. ज्याच्याकडे हप्त्याला पैसे नाहीत तो ती कुठून आणणार? आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर सगळी बाकी भरून घर सोडवून घ्यायची संधी लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन पोचलं तर चालतं, असा जुना समज अजून लोकांत आहे. तो चुकीचा आहे.

तुमची नोकरी उद्या जाईल असं मी म्हणत नाही. पण बुटीबोरीत आणि हिंगण्यात ऑर्डर कमी झाली की आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग ब्रेक देतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पंधरा वर्षांत सहा महिने वाईट येणारच. ते सहा महिने आजच्या कर्जात आले तर वसुलीचे फोन घ्यावे लागतील. घरावरच्या कर्जात आले तर आईला घेऊन भाड्याची खोली शोधावी लागेल.

आता हक्कसोडपत्र. वडील मृत्युपत्र न करता गेले, म्हणून हिंदू वारसा कायद्याने आई, तुम्ही आणि यवतमाळच्या ताई, तिघांचा सारखा हिस्सा. नोंदणीकृत हक्कसोडपत्र केलं की ताईंचा एक तृतीयांश कायमचा जातो. तुम्ही पंधरा वर्षांनी कर्ज पूर्ण फेडलंत तरी तो परत येत नाही. एजंटला तशी सही हवी आहे कारण मालक जितके कमी तितकी फाइल लवकर मंजूर होते आणि त्याला कमिशन मिळतं, तेही कर्ज जितकं मोठं तितकं जास्त. बारा लाख कुठून आले ते यावरून समजून घ्या. ताईंनी भावावरच्या मायेने एका शब्दात सही करून दिली असती, म्हणूनच ती मागायची नाही. पुढे कधी वाईट वेळ आलीच तर त्यांच्या संसारात “तुझ्या भावाने तुझा हिस्सा कार्डांच्या बिलात घालवला” हे वाक्य आयुष्यभर राहील.

आणि आई. सहकर्जदार म्हणजे साक्षीदार नव्हे. बँक पूर्ण रक्कम त्यांच्याकडूनही मागू शकते, नोटीस त्यांच्या नावानेही निघते. त्या तयार आहेत, कारण त्या आई आहेत. नवऱ्याने बांधलेल्या घरात त्यांना निर्धास्त राहू देणं हे आता तुमचं काम आहे.

मग करायचं काय? वहिनींचं ऐकायचं. पण सोनं मोडायचं नाही आणि सगळंही तारण ठेवायचं नाही.

पहिलं काम, १ लाख ९० हजारांच्या कार्डाच्या बँकेला फोन करा आणि ईमेलही टाका: पूर्ण बाकी हप्त्यांत बदलून हवी, ३६ महिने, दर काय लागेल? थकबाकीदार होण्याआधी विचारलं तर बँका सहसा तयार होतात, कारण बुडण्यापेक्षा त्यांना ते परवडतं. १८ टक्के मिळाला असं धरलं तर हप्ता ६,८७० च्या आसपास. कार्डाच्या हप्त्यातल्या व्याजावरही जीएसटी लागतो, तो थोडा वर धरा. मंजुरी लेखी घ्या. आणि त्याच दिवशी दोन्ही कार्डं वापरातून बाद. फोनमधल्या शॉपिंग आणि जेवणाच्या ॲपमधूनही कार्ड काढून टाका. हे मी कडक शब्दांत सांगते, कारण कर्ज एकत्र केलेल्या लोकांची गाडी इथेच पुन्हा घसरते. कार्डाची बाकी शून्य दिसते, लिमिट मोकळं दिसतं, आणि दीड-दोन वर्षांत घराचा हप्ता एकीकडे, कार्डाची नवी बाकी दुसरीकडे.

दुसरं, ९५ हजारांचं कार्ड आणि ५५ हजारांचं ॲप, मिळून दीड लाख. एवढ्यापुरतं वहिनींच्या सोन्यावर कर्ज घ्या. सोनं त्यांचं आहे, त्या स्वतः म्हणाल्या आहेत, तरी कोणते दागिने ते त्यांनाच ठरवू द्या. मंगळसूत्र आणि त्यांच्या आईची आठवण असेल ते घरीच राहू द्या. हेही तारण कर्जच आहे, भाऊ, हप्ते थकले तर दागिन्यांचा लिलाव होतो. पण इथे जाऊ शकतं ते तेवढंच, आणि मुदत दोन वर्षांची. राष्ट्रीयीकृत बँकेत जा, जाण्याआधी इतवारीतल्या ओळखीच्या सराफाकडे वजन आणि शुद्धता पाहून घ्या. मासिक हप्त्याचं कर्ज मागा. एकदम वर्षाखेरीस मुद्दल-व्याज भरायचं, अशा पद्धतीचं घेऊ नका. त्यात वर्षभर काहीच भरावं लागत नाही म्हणून बरं वाटतं आणि मग डोंगर एकदम अंगावर येतो. दहा टक्के दराने दोन वर्षांचा हप्ता ६,९२० च्या आसपास बसेल. कर्ज फिटल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत दागिने परत द्यायचे, उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ॲपचं कर्ज मुदतीआधी बंद करताना काही शुल्क लागतं का ते आधी विचारा, आणि बंद झाल्याचं पत्र घेतल्याशिवाय सोडू नका.

पर्सनल लोनला हात लावू नका. चालू द्या.

आता बेरीज करा: १२,६५० अधिक ६,८७० अधिक ६,९२०, झाले २६,४४० च्या आसपास. आज तुमचे ३३ हजार जातात. म्हणजे महिन्याला सहा-साडेसहा हजार मोकळे होतात, दोन वर्षांत सोनं घरी येतं, तीन वर्षांत सगळं संपतं, तुम्ही तेव्हा ४९ चे असाल. या तिन्ही कर्जांवर मिळून व्याज साधारण १ लाख ७० हजार. हेच सात लाख घरावर १५ वर्षांसाठी घेतले असते तर व्याज ८ लाखांच्या वर गेलं असतं.

मोकळे झालेले सहा हजार खर्चात विरू देऊ नका. पहिले काही महिने ते वेगळ्या खात्यात साठवा, एक पगार चुकला तरी हप्ते चुकणार नाहीत इतकी रक्कम होईपर्यंत. मग त्यातून मेहुण्याला दरमहा थोडे द्यायला लागा. त्यांच्याशी आजच मोकळेपणाने बोला, किती महिन्यांनी सुरू करणार ते सांगा. लोक पैशापेक्षा न बोलण्याने दुखावतात.

दहा टक्के, अठरा टक्के हे आकडे मी अंदाजाने धरले आहेत. तुमच्या बँकेचे थोडे वर-खाली असतील. जुनी एलआयसी पॉलिसी असेल तर तिच्या सरेंडर व्हॅल्यूवरही कर्ज मिळतं, सोन्याऐवजी तो पर्यायही पाहा.

घर मोकळं ठेवण्याचं आणखी एक कारण तुमच्या पत्रातच आहे. मुलगी कोचिंगला आहे. वर्ष-दोन वर्षांत तिचा प्रवेश येईल. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. आज तुमच्याकडे नागपूर सुधार प्रन्यासचं आर.एल., म्हणजे प्लॉट नियमित असल्याचं रिलीज लेटर असेल, मंजूर नकाशा असेल आणि घरावर कसलाही बोजा नसेल, तर त्या दिवशी या कागदांचं मोल फार मोठं आहे. नागपुरात कितीतरी ले-आउटमधल्या लोकांना आर.एल. नसल्यामुळे बँका दारात उभं करत नाहीत. तुमच्या बाबांनी तो सगळा खटाटोप करून ठेवला असेल, तर ते कागद कार्डांच्या बाकीसाठी बँकेच्या तिजोरीत जाऊ देऊ नका. ते कुठे आहेत, मूळ प्रती आहेत का, एवढं मात्र या आठवड्यात पाहून घ्या. आणि एजंटला झेरॉक्स दिल्या असतील तर अर्ज पुढे न्यायचा नाही हे त्याला लेखी कळवा.

घर तारण ठेवणं कधीच योग्य नसतं असं मी म्हणणार नाही. घर एकट्याचं असेल, पगार पक्का असेल, कर्ज फक्त गरजेपुरतं आणि पाच वर्षांत फिटेल एवढं असेल, तर चढ्या व्याजाची कर्जं त्यातून फेडणं शहाणपणाचं ठरू शकतं. ही वाट कुणी वाचक घेणारच असेल तर त्यांनी सही करण्याआधी बँकेकडून केएफएस, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्च एकत्र दाखवणारं पत्रक मागावं. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ (रिटेल) मुदत कर्जाला हे द्यावंच लागतं, आणि कर्जदाराला समजेल त्या भाषेत. त्यातला एपीआरचा आकडा पाहावा, कारण फी, विमा सगळं धरून खरा वार्षिक खर्च तिथे दिसतो. ओव्हरड्राफ्टच्या स्वरूपातलं कर्ज टाळावं, त्यात नुसतं व्याज भरत राहिलं तर मुद्दल जागचं हलत नाही. पैसे आपल्या खात्यात न घेता थेट जुन्या कर्जांच्या खात्यात वळते करून घ्यावेत. व्यक्तीने घरगुती कारणासाठी घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क लावता येत नाही, तेव्हा बोनस आला की मुद्दलात भरावा. आणि कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत मागावेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर इथेही दिवसाला ५ हजारांची भरपाई आहे.

पण तुमच्याबाबतीत, भाऊ, यातलं काहीच बसत नाही. घर तिघांचं आहे आणि गरज फार छोटी आहे.

फोनचं राहिलं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण झोप उडाली म्हणता म्हणजे फोन सुरू झाले असतील. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, ऑफिसात फोन करून बदनामी करता येत नाही. कर्ज देणाऱ्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट आणि गॅलरी पाहायची परवानगीच नाही, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करा. त्या ॲपमागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली कोणती बँक किंवा वित्त कंपनी आहे ते तपासा. कुणी धमकी दिली तर तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा, आधी त्या बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार ऑनलाइन करता येते, फुकट असते, आणि १४४४८ या नंबरवर माहिती मिळते. आणि या घाईत कुणा ओळखीच्या खासगी सावकाराकडून कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या स्टॅम्प पेपरवर पैसे उचलू नका, कितीही गोड बोलला तरी.

कार्डाच्या बँकेचं उत्तर आलं की दर आणि हप्ता मला कळवा. त्यांनी नकार दिला तरी कळवा. मग तुमच्या पर्सनल लोनवर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज मिळतं का आणि ते कार्डापेक्षा किती स्वस्त पडतं, त्याचा हिशेब आपण पुढच्या वेळी मांडू.